इंजिनिअर आहे, मानसशास्त्रात येऊ का?

पत्र, थोडक्यात: ‘मी ३१ वर्षांची. बी.ई. इलेक्ट्रॉनिक्स. आठ वर्षांपासून नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कमध्ये सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. बाळंतपणानंतरचे सहा-सात महिने फार वाईट गेले, समुपदेशनाने सावरले. तेव्हापासून हेच काम करायचं डोक्यात आहे. मुलगी आता पाच वर्षांची आहे, घर मनीषनगरला, सासू-सासरे सोबत असतात. एक जण म्हणतो घरबसल्या एम.ए. करून टाक. एका जाहिरातीत “एका वर्षात सायकॉलॉजिस्ट” असं लिहिलंय. मैत्रीण इंग्लंडमधला कन्व्हर्जन कोर्स सुचवते. सहा महिन्यांचा डिप्लोमा करून लगेच सुरुवात करावी, असंही वाटतं. बी.ए. मानसशास्त्र नसताना या वाटेने जाता येतं का? आणि नोकरी कधी सोडू?’

ताई,

जाता येतं. पण कोर्स कुठला घ्यायचा हा प्रश्न दुसरा आहे. उद्या दारावर पाटी लागेल, तिच्यावर तुमच्या नावाखाली कोणता शब्द असावा, हा पहिला. आधी शब्द ठरवा आणि तिथून उलटं मोजत या. बहुतेक लोक आधी पदवी घेतात आणि दोन वर्षांनी विचारतात, आता यावर काय लिहिता येईल? उत्तर ऐकून फार जण खचतात.

शब्द तीन आहेत. ‘समुपदेशक’ हा शब्द आजवर कुणीही वापरत आलंय, म्हणून तर सहा महिन्यांच्या डिप्लोम्याचा बाजार फुलला. ‘मानसशास्त्रज्ञ’ म्हणवून घ्यायला मानसशास्त्रातली पदव्युत्तर पदवी असावी, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या २०२१च्या कायद्याने हा व्यवसाय आरोग्यसेवेच्या यादीत घेतलाय, म्हणजे यापुढे नोंदणीचे नियम कडकच होत जाणार. तिसरा शब्द ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’. हा कायद्याने बांधलेला आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात त्याची व्याख्या आहे, आणि त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने म्हणजे आरसीआयने मान्य केलेलं प्रशिक्षण व परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव लागतं. नोंदणी नसताना या कक्षेतलं काम केलं, तर परिषदेच्या १९९२च्या कायद्यात शिक्षेची तरतूद आहे.

तुमच्या मूळ, पूर्ण पत्रात ‘समुपदेशन’ हा शब्द पाच वेळा आला आणि ‘आजाराचं निदान’ एकदाही नाही. म्हणून आमचा कल असा आहे की तुम्हाला बहुधा दुसरा शब्द हवाय: नीट शिकलेली, देखरेखीखाली तयार झालेली समुपदेशन मानसशास्त्रज्ञ. तसं असेल तर नागपुरात राहून बरंच जमेल. तिसरा शब्द हवा असेल तर वाट लांब आहे आणि बहुधा गावाबाहेर जाते. ते खाली सांगतो.

आता ‘कन्व्हर्जन’. तो शब्द इंग्लंडचा. तिथे दुसऱ्या विषयातल्या पदवीधरांना एका वर्षात मानसशास्त्राच्या पदवीचा गाभा शिकवणारी एम.एस्सी. असते. आपल्याकडे या नावाची वेगळी पदवी नाही. आपल्याकडे कन्व्हर्जनचं काम दोन वर्षांचं साधं एम.ए. किंवा एम.एस्सी. मानसशास्त्रच करतं, जिथे दुसऱ्या शाखेच्या पदवीधरांना घेतात तिथे. यूजीसीने म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४च्या पदव्युत्तर आराखड्यात आणि पुढे २०२५च्या नियमांत हे दार अधिकृतपणे किलकिलं केलं: पदवी कुठल्याही विषयाची असो, त्या विषयाची राष्ट्रीय किंवा विद्यापीठ पातळीवरची प्रवेश परीक्षा पार केली तर पदव्युत्तर प्रवेश देता येतो. ‘देता येतो’ हे शब्द नीट वाचा. प्रत्येक विद्यापीठ स्वतःचे निकष लावतं. कुठे बी.ए.ला मानसशास्त्र हवंच, कुठे कला शाखेचा कुठलाही पदवीधर चालतो, कुठे प्रवेश परीक्षेतले गुण पाहतात. त्यामुळे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाची त्या वर्षाची प्रवेशाची माहिती उघडून एम.ए. मानसशास्त्रापुढची पात्रतेची ओळ अक्षर न् अक्षर वाचा. ‘कोणताही पदवीधर’ आणि ‘कला शाखेचा कोणताही पदवीधर’ यांत तुमचं बी.ई. अडकू शकतं. महाविद्यालयाच्या खिडकीवर ‘होऊन जाईल मॅडम’ ऐकून फी भरू नका. पात्रता प्रमाणपत्र विद्यापीठ देतं, खिडकी नाही.

केंद्रीय विद्यापीठांसाठी आणि इतरही काही संस्थांसाठी सीयूईटी-पीजी ही परीक्षा आहे. मानसशास्त्राचा पेपर बहुपर्यायी असतो, बरोबर उत्तराला चार गुण, चुकल्यास एक वजा. नागपूर केंद्र घेऊन देता येते. इथल्याच महाविद्यालयात जायचं असलं तरी ही परीक्षा द्या, असं आम्ही सुचवू. तयारीच्या निमित्ताने विषय आवडतो की नुसती त्याची कल्पना आवडते, हे नोकरी सोडण्याआधी कळतं.

घरबसल्या एम.ए. हा सल्ला काही वर्षांपूर्वी बरोबर होता. इग्नूचं एम.ए. मानसशास्त्र कुठल्याही पदवीधराला खुलं होतं आणि विदर्भातल्या कितीतरी शिक्षिका, परिचारिका, बँक कर्मचारी त्यातूनच या विषयात आले. पण यूजीसीने २०२५मध्ये निर्णय घेतला की आरोग्यसेवेच्या कायद्याखाली येणारे विषय, मानसशास्त्र धरून, जुलै-ऑगस्ट २०२५च्या सत्रापासून दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने शिकवायचे नाहीत. तेव्हा कुणी आजही ‘डिस्टन्स एम.ए. सायकॉलॉजी, प्रवेश सुरू’ म्हणत असेल, तर यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर त्या संस्थेपुढे, त्या विषयापुढे, त्या सत्राची मान्यता आहे का ते पाहा. संस्थेला मान्यता असणं आणि त्या विषयाला असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. फसवणूक नेमकी या फटीत होते. दुसरा प्रकार म्हणजे ‘नियमित’ म्हणून प्रवेश द्यायचा आणि ‘फक्त परीक्षेला या’ म्हणायचं. त्याच्याही वाटेला जाऊ नका. पदवी कागदावर चालेल, पण प्रात्यक्षिकाशिवाय शिकलेला माणूस पहिल्याच मुलाखतीत उघडा पडतो. त्याहून वाईट म्हणजे समोर बसलेल्या माणसाचं नुकसान करतो.

‘एका वर्षात सायकॉलॉजिस्ट’ या जाहिरातीबद्दल: नव्या रचनेत एक वर्षाचं एम.ए. खरंच आहे, पण ते चार वर्षांची ऑनर्स पदवी त्याच विषयात केलेल्यांसाठी. तुमचं बी.ई. चार वर्षांचं आहे हे खरं, पण ते इलेक्ट्रॉनिक्सचं. तुम्हाला दोन वर्षं लागतील.

क्लिनिकलच्या वाटेवर एक खड्डा आहे, तो आत्ताच पाहून ठेवा. आतापर्यंतची रीत अशी होती: एम.ए. मानसशास्त्र किमान ५५ टक्क्यांनी, मग आरसीआय-मान्य संस्थेत दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. यूजीसीने २०२२च्या नियमांनी एम.फिल. बंद केलं. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोनच विषयांना २०२५-२६ सत्रापर्यंत मुदतवाढ मिळाली. तुमचं एम.ए. पूर्ण होईल तेव्हा ती मुदत उलटून गेलेली असेल. तिच्या जागी परिषदेने क्लिनिकल सायकॉलॉजीतली पदवी, एम.ए. आणि साय.डी. (मानसशास्त्रातली व्यावसायिक डॉक्टरेट) अशी नवी साखळी आणली आहे. दुसऱ्या शाखेतून येणाऱ्याला यात एकच ओळ महत्त्वाची: त्या अभ्यासक्रमाला पदवी मानसशास्त्रातली मागितली आहे, की पदव्युत्तर पदवी मानसशास्त्रात असली की पुरे? पदवीच मानसशास्त्रातली हवी असेल, तर बी.ई. नंतर एम.ए. मानसशास्त्र करूनही त्या दारात तुम्ही बाहेरच राहाल. म्हणून हा प्रश्न प्रवेशाआधी, तुमच्या दोन्ही पदव्या लिहून, संस्थेला आणि परिषदेला ई-मेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवरचं उत्तर धरू नका.

आणखी एक सापळा. ‘एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी’ असं पदवीचं नाव असलं म्हणजे आरसीआयची मान्यता असते असं नाही. कित्येक ठिकाणी ते केवळ स्पेशलायझेशनचं नाव असतं. परिषदेच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते. तीत संस्था, अभ्यासक्रम आणि वर्ष या तिन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत, कारण मान्यता ठराविक मुदतीची असते.

आता अभ्यासाकडे, कारण खरी कसोटी तिथे आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

एम.ए.च्या पहिल्या वर्षात साधारणपणे बोधनिक मानसशास्त्र, व्यक्तिमत्त्वाचे सिद्धांत, सामाजिक मानसशास्त्र, विकास मानसशास्त्र, संशोधन पद्धती, संख्याशास्त्र आणि प्रात्यक्षिक येतं. दुसऱ्या वर्षात निवडलेली शाखा, मनोविकृती, मानसोपचार पद्धती, चाचण्या, प्रकल्प किंवा प्रबंधिका आणि इंटर्नशिप. इंजिनिअर लोक संख्याशास्त्राला घाबरत नाहीत आणि तिथेच फसतात. प्रमाण विचलन, टी-चाचणी, सहसंबंध, प्रसरण विश्लेषण ही आकडेमोड तुम्ही एका आठवड्यात शिकाल. अवघड आहे ती प्रयोगाची मांडणी. समजा तुम्हाला पाहायचंय की उन्हाने लक्ष कमी होतं का. नागपुरात मे महिन्यात सकाळी आठला वीस जणांची आणि दुपारी दोनला दुसऱ्या वीस जणांची अवधान चाचणी घेतली. दुपारच्या गटाचे गुण कमी आले. ऊन कारणीभूत? की जेवण झाल्यावरची सुस्ती? की दुपारी येऊ शकणारी माणसंच वेगळी, म्हणजे ज्यांना ऑफिस नाही अशी? एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्या, तेव्हा आकडे कितीही चोख काढले तरी निष्कर्ष निघत नाही. तुम्ही टेस्टर आहात. बग शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही शिस्त तुमच्या हातात आहे. ती इथे आणा, वर्गातल्या इतरांपेक्षा पुढे असाल. आणि ‘पी-मूल्य ०.०५ पेक्षा कमी’ याचा अर्थ ‘माझा अभ्युपगम (गृहीतक) ९५ टक्के खरा’ असा होत नाही, हे पहिल्याच सत्रात पक्कं करा. परीक्षेत आणि नेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेत हाच गैरसमज पकडतात. सरावाला जामोवी किंवा जास्प ही मोफत सॉफ्टवेअर पुरतात, एसपीएसएस विकत घेऊ नका.

प्रात्यक्षिकाला दुसऱ्या शाखेतली मुलं हलकं समजतात. मुलर-लायर भ्रमाचा प्रयोग घ्या. बाण लावलेल्या दोन रेषा सारख्या करायच्या, एवढंच दिसतं. पण सरकती पट्टी निम्म्या वेळा बाहेरून आत आणि निम्म्या वेळा आतून बाहेर का न्यायची, कधी डावीकडे कधी उजवीकडे का ठेवायची? हाताच्या हालचालीची आणि जागेची चूक एकमेकींत वजा व्हावी म्हणून. प्रतिक्रिया काल मोजताना ‘तयार’ म्हटल्यानंतरचा वेळ दर वेळी थोडा कमी-जास्त ठेवावा लागतो, नाहीतर प्रयुक्त, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग चाललाय तो, दिव्याची वाट न पाहता अंदाजाने बटण दाबतो. तोंडी परीक्षेत हेच ‘का’ विचारतात. जर्नलमध्ये उद्देश, अभ्युपगम, स्वाश्रयी आणि पराश्रयी चल (आपण बदलतो तो घटक आणि त्यामुळे बदलतो तो), साहित्य, प्रयुक्ताला दिलेल्या सूचना जशाच्या तशा, कार्यपद्धती, गुणांकन, अंतर्निरीक्षण, चर्चा, निष्कर्ष, असा क्रम असतो. सूचना मनाने सोप्या करून सांगायच्या नाहीत. शब्द बदलले की चाचणी बदलते आणि तिची मानकं, म्हणजे गुण ज्यांच्याशी ताडून पाहायचे ते आकडे, निरुपयोगी होतात.

मानकांचं एक उदाहरण लक्षात ठेवा, कारण ते मराठी मुलांचंच आहे. बिने-कामत बुद्धिमापन चाचणी कानडी आणि मराठी मुलांवर प्रमाणित केलेली. फार मोलाचं काम, आणि कित्येक ठिकाणी आजही वापरतात. पण मानकं जुनी झाली की त्यावर मोजलेला बुद्ध्यंक फुगून येतो, कारण पिढीगणिक कच्चे गुण वाढत आलेले आहेत. याला फ्लिन परिणाम म्हणतात. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी आलेल्या मुलाच्या बाबतीत या चार-पाच गुणांनी त्याच्या सवलती ठरतात. चाचणीचा आकडा सांगणं सोपं, त्याच्या मर्यादा सांगणं हे शिक्षण. आणि शिकताना घरच्या मुलांवर, विशेषतः स्वतःच्या मुलीवर, बुद्ध्यंकाच्या चाचण्या करून पाहू नका. तिला पुढे कधी खरंच चाचणी लागली तर आधीच्या सरावाने निकाल बिघडतो. आकडाही घरात विसरला जात नाही.

उत्तर लिहिण्याची सवय बदलावी लागेल. मुद्द्यांच्या चार ओळी आणि आकृती यावर इथे गुण मिळत नाहीत. स्मृती पुनर्रचित असते, असं म्हटलं तर पुरावा द्यायचा: लॉफ्टस आणि पामर, १९७४, अपघाताची फिल्म दाखवून प्रश्नातलं क्रियापद बदललं, तसा लोकांनी सांगितलेला वेग बदलला. मग त्यावरचा आक्षेप: प्रयोगशाळेत फिल्म पाहणारा आणि रस्त्यावर अपघात पाहणारा सारखे असतात का? दावा, पुरावा, आक्षेप, तुमचं मत. रोज एक प्रश्न या बेताने हाताने लिहा. आठ वर्षं की-बोर्डवर असलेल्यांचा तीन तासांच्या पेपरात हात दुखतो. ही क्षुल्लक गोष्ट वाटते, पण दुसऱ्या शाखेतून आलेल्यांचे शेवटचे दोन प्रश्न लिहायचे राहून जातात ते त्यामुळेच.

पुस्तकांना आत्ता पैसे घालू नका. एनसीईआरटीची अकरावी-बारावीची मानसशास्त्राची पुस्तकं मोफत उतरवता येतात, बालभारतीची त्याच इयत्तांची मराठी पुस्तकंही. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. संज्ञा दोन्ही भाषांत बसतात, आणि ते तुम्हाला आयुष्यभर लागेल: परीक्षा कुठल्याही भाषेत द्या, माणूस मराठीतच रडतो. विदर्भात येणारा माणूस ‘मला चिंताविकृती आहे’ असं म्हणत नाही. तो म्हणतो, ‘जीव घाबरते’, ‘मन लागत नाही’, ‘डोकं जड राहते’. या वाक्यांच्या मागे काय असू शकतं, आणि शारीरिक आजार नाही ना हे आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यायचं, हे शिकायला पुस्तक पुरत नाही.

म्हणून इंटर्नशिप. प्रादेशिक मनोरुग्णालय आपल्या गावात आहे. महाराष्ट्रातल्या अशा चार सरकारी मनोरुग्णालयांपैकी ते एक. मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं आणि मिहानमधलं एम्स इथे मनोविकार विभाग आहेत. सरकारी ठिकाणी आपण होऊन जाऊन उभं राहिलं तर कुणी आत घेत नाही आणि घेऊही नये. महाविद्यालयाचं पत्र, विभागप्रमुखाची किंवा अधीक्षकांची लेखी परवानगी, तारखा, आणि तुमच्यावर देखरेख कोण करणार याचं नाव, एवढं लागतं. परवानगीला वेळ जातो. उन्हाळ्यात जायचं असेल तर अर्ज हिवाळ्यातच टाका. प्रवेश घेण्याआधी महाविद्यालयाला विचारायचे प्रश्न याच्याशीच बांधलेले आहेत: गेल्या वर्षीचे विद्यार्थी इंटर्नशिपला कुठे गेले, किती तास, देखरेख कुणी केली, प्रयोगशाळेत कोणत्या चाचण्या मूळ संचाच्या आहेत आणि कोणत्या झेरॉक्स? शेवटच्या प्रश्नावर उत्तर देणाऱ्याचा चेहरा पाहा.

प्रबंधिकेची घाई दुसऱ्या वर्षी सगळ्यांची होते. इंग्रजी प्रश्नावली मराठीत वापरायची तर नुसतं भाषांतर चालत नाही. एकाने मराठीत न्यायची, ज्याने मूळ पाहिलं नाही अशा दुसऱ्याने पुन्हा इंग्रजीत आणायची, आणि फरक सोडवायचा. आणि नैराश्याची प्रश्नावली घेणार असाल तर एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाळा. पीएचक्यू-९ मध्ये नऊ प्रश्न, प्रत्येकी शून्य ते तीन, एकूण २७. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. त्याला कुणी शून्याव्यतिरिक्त काही लिहिलं तर त्याच दिवशी काय करायचं, कुणाला कळवायचं, कुठे पाठवायचं, हे पहिला फॉर्म वाटण्याआधी मार्गदर्शकांबरोबर लिहून ठेवा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक फॉर्मच्या तळाशी छापा. शंभर फॉर्म गोळा करून महिन्याभराने एक्सेलमध्ये भरताना तो आकडा दिसला, असं घडता कामा नये.

मैत्रिणीच्या इंग्लंडबद्दल. तिथली कन्व्हर्जन एम.एस्सी. चांगली असते, पण ती कशासाठी आहे ते समजून घ्या. एक पूर्ण वर्ष, १८० क्रेडिट, त्यात प्रत्यक्ष संशोधनाचा प्रकल्प. ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीची मान्यता असेल तर जीबीसी मिळतं, म्हणजे तिथल्या पुढच्या प्रशिक्षणाला अर्ज करण्याची पात्रता. ते प्रशिक्षण, उदाहरणार्थ क्लिनिकलची डॉक्टरेट, आणखी तीन वर्षांचं, जागा मोजक्या. त्यानंतर एचसीपीसी या तिथल्या नियामक संस्थेची नोंदणी. म्हणजे तिथेही त्या एका वर्षाने कुणी मानसशास्त्रज्ञ होत नाही. जुलै २०२२च्या करारानंतर ब्रिटनच्या एक वर्षाच्या मास्टर्सला भारतात मान्यतेचा रस्ता झाला. पण समकक्षतेसाठी प्रत्यक्ष वर्गात बसून केलेलं शिक्षण मागितलं जातं, त्यामुळे मनीषनगरात बसून ऑनलाइन केलेल्या परदेशी पदवीचा इथे उपयोग धरू नका. खर्चाचं म्हणाल तर परदेशी विद्यार्थ्याची फी बहुतेक ठिकाणी १८ ते ३० हजार पौंड, आणि राहण्या-खाण्याला महिन्याला हजार-बाराशे. पौंडाला सव्वाशे रुपये धरून हिशेब करा: चाळीस लाखांच्या आसपास किंवा वर. आणि जानेवारी २०२४पासून शिकवणी-आधारित मास्टर्सच्या विद्यार्थ्याला जोडीदार किंवा मूल सोबत नेता येत नाही. पाच वर्षांची मुलगी इथे ठेवून, चाळीस लाख घालून, नागपुरात परत येऊन समुपदेशन करायचं असेल तर हा मार्ग आम्ही सुचवणार नाही. तिकडेच स्थायिक व्हायचा बेत असता तर वेगळं बोललो असतो.

सहा महिन्यांचा डिप्लोमा एम.ए.च्या आधी किंवा ऐवजी नको. नंतर एखादं विशिष्ट कौशल्य शिकायला, जसं बोधात्मक वर्तन उपचार किंवा व्यसनमुक्ती, जरूर घ्या.

एम.ए. नंतर इथे काय मिळेल? सीबीएसई शाळांना समुपदेशक ठेवावा लागतो, तिथे मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी चालते. स्वयंसेवी संस्था, व्यसनमुक्ती केंद्रं, रुग्णालयांत मनोविकारतज्ज्ञांच्या हाताखाली काम, उद्योगांत मनुष्यबळ विभाग. शिकवायचं असेल तर ५५ टक्के आणि नेट किंवा सेट. पहिली काही वर्षं पगार तुमच्या आजच्या पगारापेक्षा कमीच असेल, हे घरात बसून स्पष्ट बोला. एक मधली वाटही आहे: औद्योगिक मानसशास्त्र घेतलं तर सॉफ्टवेअरचा अनुभव वाया जात नाही, वापरकर्ता संशोधनात तो थेट कामी येतो. पण पत्रावरून तुमचा जीव तिकडे दिसत नाही, म्हणून जास्त लिहीत नाही.

तुमच्या स्वतःच्या त्या सहा-सात महिन्यांबद्दल. या क्षेत्रात यायला ते कारण चांगलं आहे, लाजण्यासारखं त्यात काही नाही. फक्त एवढं पाहा की ते दिवस आठवले की आज काय होतं. प्रसूतीनंतरच्या नैराश्याचं प्रकरण वर्गात निघेल, इंटर्नशिपमध्ये तशी बाई समोर बसेल. तेव्हा तिचं ऐकताना तुम्ही स्वतःकडे ओढल्या गेलात तर तिला एकटं वाटेल. प्रवेशाआधी तुमच्या त्याच समुपदेशकांकडे चार-पाच सत्रं याच विषयावर घ्या. मनात काही उरलं असेल तर तिथे मोकळं होईल. पुढेही देखरेख करणाऱ्या वरिष्ठांना ही गोष्ट सांगून ठेवा.

नोकरी. नियमित एम.ए.ला ७५ टक्के हजेरी आणि प्रात्यक्षिकांचे दिवस धरले तर पूर्णवेळ ऑफिस सोबत होत नाही. ऑफिसचं रात्रपाळीत बदलून घेऊ, असं मनात आणू नका, पहिल्या सत्राच्या शेवटी तब्येत जाते. पण राजीनामा आजच देऊ नका. आतापासून तीन महिने वर सांगितलेली पुस्तकं आणि जामोवी, रोज दीड तास, मुलगी झोपल्यावर. मग सीयूईटी-पीजीचा अर्ज, सोबत नागपूर विद्यापीठाच्या प्रवेशावर लक्ष. तोवर तीन वर्षांचा घरखर्च बाजूला पडतो का ते पाहा: दोन वर्षं अभ्यासाची, एक पाय रोवायचं. इथल्या सरकारी किंवा अनुदानित महाविद्यालयाची फी काही हजारांत भागते, खरा खर्च न येणाऱ्या पगाराचा आहे. कंपनीत बिनपगारी दीर्घ रजा किंवा अर्धवेळ कंत्राट मिळतं का हे मनुष्यबळ विभागाला आत्ताच विचारा. तुमचा नोटीस पीरियड दोन किंवा तीन महिन्यांचा असेल आणि प्रवेशाची यादी लागल्यावर वर्ग आठवड्याभरात सुरू होतात. त्यामुळे राजीनाम्याची तारीख निकालावर ठेवता येणार नाही. नोटीस कमी करून मिळते का, त्याचे पैसे किती भरावे लागतील, हे नियुक्तीपत्रात आज रात्रीच पाहून घ्या.